कॅमेरा निवड: फुजी एक्स-टी५ की सोनी अल्फा ६७००

२ सप्टेंबर २०२४

नाट्यसंस्थेच्या बैठकीत नवा कॅमेरा घ्यायचं एकदाचं नक्की झालं. सध्याचा डीएसएलआर धडधाकट आहे, पण तालमीत त्याचा आरसा वर-खाली होताना जो खट्ट आवाज येतो तो पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. हळवा प्रसंग रंगात यावा आणि नेमका तेव्हाच खट्ट. दिग्दर्शक काही बोलत नाहीत, नुसते वळून पाहतात. त्यापेक्षा बोललेले बरे.

कामं तीन. तालमी आणि प्रयोगांचे फोटो, कलाकारांच्या छोट्या मुलाखती, आणि संस्थेच्या कपाटातली जुनी पोस्टर, फोटो, हस्तलिखितं यांच्या डिजिटल प्रती. पहिलं वर्षभर चालणारं, दुसरं अधूनमधून, तिसरं एकदाच करायचं पण भलंमोठं.

यादी छाटत छाटत दोन नावं उरली: फुजीफिल्म एक्स-टी५, बाजारात आला नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि सोनी अल्फा ६७००, जुलै २०२३ चा. दोन्ही एपीएस-सी सेन्सरचे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मच्या आकारापेक्षा) लहान. फुल फ्रेमचा विषय निघाला आणि लगेच मिटला. तिथे बॉडीपेक्षा लेन्स जड होत जातात आणि बॅग शेवटी मलाच उचलायची असते.

व्हिडिओचं काम पाहणारा आमचा सहकारी (पुढे नुसतं ‘व्हिडिओवाला’) पहिल्यापासून सोनीच्या बाजूचा. माझा ओढा फुजीकडे. वाद घालत बसण्यापेक्षा दोन्ही भाड्याने आणून तपासायचे ठरले. नोंदी मी ठेवायच्या, आणि त्याला पटलं नाही तर त्याचं म्हणणंही त्यातच लिहायचं, अशी त्याची अट.

५ सप्टेंबर

माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. कागदावरच्या आकड्यांत दोन-तीन जागी पाय घसरायची सोय आहे, ती आधी लिहून ठेवतो.

पहिली जागा व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीची. सोनीच्या पत्रकात मोठेपणा १.०७ पट, फुजीच्या पत्रकात ०.८ पट. सोनीचा मोठा वाटतो. पण फुजीने आकडा ३५ मिमी फिल्मच्या हिशोबाने दिलाय, सोनीचा ठळक आकडा तसा नाही. एपीएस-सीच्या दीड पटीने भागलं की सोनीचा होतो साधारण ०.७. म्हणजे प्रत्यक्षात फुजीची खिडकी मोठी. शिवाय ठिपके ३६.९ लाख, सोनीत २३.६ लाख.

दुसरी मेगापिक्सेलची. ४० विरुद्ध २६ म्हणजे दीडपट तपशील, असं वाटतं. पण ही वाढ क्षेत्रफळातली आहे. लांबीच्या दिशेने फुजीचे पिक्सेल ७७२८, सोनीचे ६१९२. फरक पंचवीस टक्क्यांचा. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी छापलं तर एकाचा फोटो पावणेसव्वीस इंच रुंद, दुसऱ्याचा साडेवीस इंचांच्या जरा वर. फाइल मात्र खरोखरच दीडपट जड होते, कारण हार्ड डिस्क क्षेत्रफळच मोजते.

तिसरी जागा स्टॅबिलायझेशनची, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवण्याची: फुजी ७ स्टॉप, सोनी ५ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ शटर उघडं ठेवता येणं). हे प्रमाणित चाचणीतले आकडे, ठरावीक लेन्स लावून घेतलेले. हलतो तो हात धरूनच ही मोजणी असते. आमच्याकडे हलतात ती माणसं.

बॅटरीत फरक नाही म्हटलं तरी चालेल. एका चार्जवर फुजी ५८०, सोनी ५७० फोटो, दोन्ही मागच्या स्क्रीनवर. वजन बॅटरी-कार्डासह ५५७ आणि ४९३ ग्रॅम.

७ सप्टेंबर

तक्ता करायला घेतला: डावीकडे मुद्दे, उजवीकडे गुण. अर्ध्या तासात लक्षात आलं की असा तक्ता हवं ते उत्तर देतो. फुजीच्या बाजूच्या ओळी वाढवल्या की फुजी जिंकतो. व्हिडिओवाल्याने ‘हेडफोनची जागा’, ‘४के १२० फ्रेम’, ‘फिरणारी स्क्रीन’ अशा ओळी घातल्या की सोनी पुढे.

म्हणून गुण काढून टाकले आणि एकच रकाना ठेवला: नंतर दुरुस्त होतं का?

रंग नंतर सुधारता येतात. फोटोतले दाणे, म्हणजे नॉइज, आजकालच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेच घालवता येतात. उजेड कमी-जास्त झाला तर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) सांभाळून घेता येतं. फोकस मागच्या पडद्यावर बसला आणि चेहरा धूसर राहिला तर मात्र काही करता येत नाही. कार्ड खराब झालं तरी तेच. फोटोवर दिव्यांचे आडवे पट्टे उमटले तर थोडंफार जमतं, पण चेहऱ्यावरून गेलेला पट्टा पुसणं हे हातकाम आहे आणि शंभर फोटोंवर ते कुणी करत नाही.

या रकान्यामुळे फुजीचं एक मोठं आकर्षण बाजूला पडलं, त्याचं वाईट वाटलं. फुजीच्या फिल्म सिम्युलेशनमधला (जुन्या फिल्मसारखी छटा देणाऱ्या सोयीतला) कृष्णधवल ‘अ‍ॅक्रॉस’ मला फार आवडतो. तालमीच्या फोटोंना तो शोभूनही दिसतो. पण रंग ही नंतर करता येण्यासारखी गोष्ट, म्हणून निवडीत त्याला जागा नाही. समासात आहे, तेवढं बस.

१२ सप्टेंबर

दोन्ही कॅमेरे भाड्याने आले. लेन्सचा फरक मधे येऊ नये म्हणून सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ दोन्ही माउंटमध्ये (बॉडीला लेन्स जोडायच्या कडीत) मागवली. काचेची रचना तीच, फक्त मागची कडी वेगळी. अडीच-तीनशे ग्रॅमच्या मधलं वजन, म्हणजे कुठल्याही बॉडीवर तोल बिघडत नाही.

आज फक्त हाताळून पाहिले. फुजीच्या डोक्यावर तीन तबकड्या: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर, एक्स्पोजर भरपाई. कॅमेरा बंद असतानाही काय लावलंय ते दिसतं. सवय लागली की मेनूत जावंच लागत नाही. फक्त सिग्माच्या लेन्सला अ‍ॅपर्चरची कडी (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करायची) नाही, त्यामुळे चौथी गोष्ट पुढच्या चाकावर जाते आणि तबकड्यांची ती सुंदर शिस्त तिथे मोडते. फुजीच्या स्वतःच्या बऱ्याच लेन्सना कडी असते. पण आपण सगळ्या फुजीच्याच घेणार आहोत का, हा प्रश्न आहे.

खोलीतले दिवे मालवून पाहिलं तर आणखी एक गंमत. तबकड्यांवरचे आकडे अंधारात वाचता येत नाहीत. अंधारात कॅमेरा चालवणाऱ्याला शेवटी व्ह्यूफाइंडरमधलेच आकडे पाहावे लागतात, आणि मग दोन्ही कॅमेरे सारखेच.

फोकसचा चौकोन हलवायला फुजीत अंगठ्याखाली छोटी दांडी आहे. सोनीत ती नाही. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मागच्या स्क्रीनवर अंगठा फिरवायचा, म्हणजे चौकोन सरकतो. जमतं, पण नाक मधे येतं. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांनी हे आधी करून पाहावं.

कार्डाचे कप्पे फुजीत दोन, सोनीत एक. ‘दुरुस्त होत नाही’ या रकान्यात फुजीची पहिली ठाम नोंद.

१३ सप्टेंबर

चित्राच्या दर्जाची चाचणी. टेबलावर उभा दिवा, एक जरीकाठी कापड, लोकरीचा गुंडा, छापील पान आणि काळ्या वेषातली बाहुली. ट्रायपॉड हलवायचा नाही, चौकट तीच.

इथे एक पथ्य पाळलं. दोन्हींवर आयएसओ ३२०० लावून तुलना करायची नाही. आयएसओचा आकडा ठरवताना कंपन्या वेगवेगळ्या पद्धती वापरतात, त्यामुळे तोच आकडा म्हणजे तोच प्रकाश असं नसतं. म्हणून शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्हींत सारखं ठेवलं, आणि आयएसओ असा निवडला की रॉ फाइल सारखी उजळ दिसेल. मग फुजीची फाइल सोनीच्या आकाराला लहान केली. शंभर टक्के मोठं करून पाहिलं तर चाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच जास्त दाणेदार दिसणार. त्याचा पिक्सेल सुमारे ३ मायक्रॉनचा, सोनीचा पावणेचारच्या आसपास. लहान केल्यावर शेजारच्या पिक्सेलची सरासरी होते आणि दाणे विरतात.

सारख्या आकाराला आणल्यावर मला फरक सांगता येईना. व्हिडिओवाल्याला नावं न सांगता जोड्या दाखवल्या. त्याने आत्मविश्वासाने ‘ही सोनी’ म्हणून फुजीचा फोटो उचलला. नोंद त्याच्या संमतीने.

फरक दिसला तो कापडात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या चौकटी २×२ च्या नक्षीने मांडलेल्या असतात. फुजीची एक्स-ट्रान्स नक्षी ६×६ ची आणि कमी नियमित, त्यामुळे बारीक विणीवर उमटणारे खोटे रंग कमी होतात. जरीच्या काठावर सोनीत हलकी इंद्रधनुषी झाक दिसली, फुजीत जवळपास नाही. पण हीच नक्षी उलगडताना काही सॉफ्टवेअर अडखळतात. जास्त शार्प केलं की केसांत आणि पानांत बारीक अळ्या वळवळल्यासारख्या दिसतात. मी रॉथेरपी वापरतो, त्यात एक्स-ट्रान्ससाठी तीन फेऱ्यांची मार्केस्टाइन पद्धत आहे. तिने अळ्या गेल्या, वेळ मात्र वाढला.

निष्कर्ष: दर्जावर निवड होणार नाही. एवढं कळायला अख्खी दुपार गेली.

१४ सप्टेंबर

आजची तालीम ही खरी परीक्षा. हॉलमध्ये छताला एलईडीच्या पट्ट्या, रंगमंचावर डिमरवरचे एलईडी पार (रंगमंचावर रोखायचे दिवे). दोन्ही कॅमेरे मूक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर.

पहिल्याच फोटोत दोन्हींवर आडवे पट्टे. कारण माहीत होतं, तरी डोळ्यांनी पाहिल्यावर नीट उमगलं. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एका क्षणी सगळा वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचली जाते. वीज ५० हर्ट्झची असेल तर साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. सगळा सेन्सर वाचून होईपर्यंत दिव्याच्या अशा काही लाटा येऊन जातात आणि प्रत्येक लाटेचा एक पट्टा उमटतो. पट्टे मोजले की वाचायला लागणारा वेळही कळतो: जितके पट्टे, तितके शंभरांश सेकंद. दोन्हींत पट्टे एकाहून बरेच जास्त. दोन्ही सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे फार झटपट वाचल्या जाणाऱ्या प्रकारातले नाहीत, त्यामुळे हे अपेक्षितच.

शटर १/१२५ वरून १/१०० वर आणलं आणि छताच्या दिव्यांचे पट्टे गेले. १/१०० सेकंदात प्रत्येक ओळीला दिव्याची बरोबर एक पूर्ण लाट मिळते, मग ती ओळ केव्हाही वाचली जावो. १/५० वर दोन लाटा, तेही चालतं. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे हा आकडा १/१२० आणि १/६० होतो.

रंगमंचावरचे पार मात्र ऐकेनात. डिमर खाली आणला की एलईडी मंद होत नाही, तो फार वेगाने उघडझाप करतो आणि डोळ्याला मंद वाटतो. ही उघडझाप विजेच्या लाटेशी बांधलेली नसते. प्रकाशयोजनाकाराला विनंती करून पार पूर्ण उजेडावर ठेवले तर पट्टे जवळजवळ नाहीसे. चाळीस टक्क्यांवर आणले तर नटाच्या अंगरख्यावर बारीक रेघांची जाळी. दोन्ही कॅमेऱ्यांत. मूक शटरचं हे दुखणं कुठल्याही बाजूने तोलता येत नाही. स्टॅक्ड किंवा ग्लोबल शटरचा (सगळ्या ओळी एकदम टिपणारा) सेन्सर घेतला तरच सुटतं, आणि तो आपला वर्ग नव्हे.

म्हणून यांत्रिक शटर लावून पाहिलं. त्याचा पडदा सेन्सरवरून खूप झटकन जातो. किती झटकन याचा अंदाज फ्लॅश सिंकच्या (फ्लॅश वापरताना चालणाऱ्या सर्वात जलद शटरच्या) आकड्यावरून येतो: फुजी १/२५०, सोनी १/१६०. पारच्या रेघा दोन्हींत बऱ्याच कमी, फुजीत किंचित अधिक कमी. आवाज? फुजीचा दबका, सोनीचा जरा कोरडा. दोन्ही जुन्या डीएसएलआरच्या पुढे काहीच नाहीत. दिग्दर्शक वळले नाहीत. चाचणी उत्तीर्ण.

आता फोकस. दृश्य असं: नायिका खिडकीकडे पाठ करून उभी, मागून भाऊ येतो, ती वळते, बोलता बोलता पुन्हा पाठ फिरवते. मधून एक नोकर आडवा जातो. आयएसओ ३२००, एफ/२.८, १/१००, सतत फोकस, माणूस ओळखण्याची सोय चालू.

सोनीचा चौकोन नायिकेच्या डोळ्यावर बसला. ती वळली तेव्हा डोक्यावर गेला, मग खांद्यापाशी घुटमळला, पुन्हा वळली तसा डोळ्यावर परतला. नोकर आडवा गेला तेव्हा क्षणभर डळमळला, सुटला नाही. या कॅमेऱ्यात ओळखीसाठी वेगळा एआय प्रोसेसर आहे आणि तो चेहऱ्याबरोबर शरीराची ठेवणही पाहतो, म्हणून पाठमोरं माणूसही त्याला माणूसच वाटतं.

फुजीचा चौकोनही डोळ्यावर चटकन बसला. समोरासमोर असेपर्यंत तक्रारीला जागा नाही. ती पाठमोरी झाली की मात्र तो चेहरा शोधायला निघे आणि बरेचदा भावाचा चेहरा पकडे, कारण तो समोर होता आणि उजेडात होता. नायिका परत वळली तरी चौकोन भावाकडेच. दांडीने तिच्याकडे आणता येतो, येतोही पटकन. पण तेवढ्यात ती ओळ बोलून झालेली असते.

तेच दृश्य पुन्हा पुन्हा करून घेतलं. कलाकार कंटाळले, पण आमची नायिका चिवट आहे. चित्र बदललं नाही. घरी येऊन फाइली मोठ्या करून पाहिल्या: फुजीच्या चुकलेल्या फोटोंत भावाच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट, आणि पुढे रडणारा चेहरा मऊ. चाळीस मेगापिक्सेल मिशीला मिळाले.

रकान्यात सोनीची ठाम नोंद.

१५ सप्टेंबर

स्टॅबिलायझेशन. ५० मिमीला हातात धरून १/१५, १/८, १/४. स्थिर वस्तूवर फुजी थोडा सरस, आणि तो थोडा म्हणजे खरंच थोडा. माणसांवर दोन्ही निरुपयोगी, कारण १/१५ ला माणसाचा हात पसरतो. पुढे.

१७ सप्टेंबर

व्हिडिओवाल्याचा दिवस. मी फक्त दिवा धरला.

मुलाखत ४के मध्ये घ्यायची, सेकंदाला २५ फ्रेम. दोन्ही कॅमेरे १०-बिटमध्ये (रंगांच्या जास्त छटांसह) उत्तम देतात. फुजी ६.२के पर्यंत जातो, आम्हाला गरज नाही. ६० फ्रेमवर गेलं तर सोनी सेन्सरची जवळपास पूर्ण रुंदी वापरतो, ६के मधून गोळा करून ४के बनवतो. फुजी तिथे चौकट १.१४ पटीने कापतो. १२० फ्रेमवर सोनीही कापतो, तोही भरपूर, १.५८ पट. नाटकाच्या मुलाखतीत इतकं संथ काय दाखवायचं हे मला कळलेलं नाही, पण त्याच्या यादीत होतं.

त्याचा मुख्य मुद्दा आवाजाचा, आणि तो रास्त. सोनीत माइक आणि हेडफोन दोन्हींच्या साध्या ३.५ मिमीच्या जागा आहेत. फुजीत माइकची आहे, हेडफोन यूएसबी-सीला जोड लावून ऐकावा लागतो. ‘तो जोड ऐन वेळी कुणाच्या बॅगेत राहतो ते मला ठाऊक आहे,’ इति व्हिडिओवाला. आवाज नीट आला नाही तर नंतर दुरुस्त होत नाही. रकान्यात आणखी एक नोंद.

दुसरा मुद्दा स्क्रीनचा. सोनीची बाजूला उघडते आणि पूर्ण फिरते, एकटा माणूस कॅमेऱ्यापुढे बसून स्वतःची चौकट पाहू शकतो. फुजीची वर-खाली आणि उभ्या चौकटीत एका बाजूला झुकते, पुढे फिरत नाही. फोटोसाठी मला फुजीची आवडली, ती लेन्सच्या रेषेत राहते. उघडलेली स्क्रीन बाजूला लटकली की नजर एकीकडे आणि लेन्स दुसरीकडे. या मुद्द्यावर आमचं एकमत होणार नाही, आणि न होवो.

१८ सप्टेंबर

जुनी पोस्टर. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे, पोस्टर काचेखाली न ठेवता कडांवर वजनं ठेवून सपाट केलेलं.

ए२ आकाराचं पोस्टर एका चौकटीत घेतलं तर फुजीकडून प्रत्येक इंचाला सुमारे ३१२ पिक्सेल मिळतात, सोनीकडून २५०. इथे चाळीस मेगापिक्सेलला खरा अर्थ आहे. शिवाय फुजीत पिक्सेल शिफ्ट आहे: सेन्सर कणाकणाने सरकवून २० फोटो काढतो, संगणकावर ते जोडले की १६० मेगापिक्सेलचा एक फोटो. सोनी ६७०० मध्ये ही सोय नाही. एका हस्तलिखितावर करून पाहिलं. शाई कागदात कुठे झिरपलीय, टाक कुठे अडखळलाय, खोडलेल्या शब्दाखालचा मूळ शब्द कोणता, सगळं दिसलं. मी बराच वेळ नुसता पाहत बसलो.

मग रकान्याकडे वळलो. पोस्टर कुठे पळून जात नाही. सोनीने दोन तुकड्यांत काढून जोडता येतं, आणि तसं काढल्यावर पिक्सेलची घनता फुजीच्या एका चौकटीपेक्षा जास्तच होते. छपाईच्या ठिपक्यांमुळे उठणारे लाटांसारखे पट्टेही जवळून घेतल्यावर गेले. म्हणजे इथे फुजीमुळे वेळ वाचतो. काम सोनीनेही होतं, सावकाश होतं.

अ‍ॅपर्चरबद्दल: एफ/५.६ सर्वात बरं. एफ/८ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे बिंदूचा ठिपका साधारण १०.७ मायक्रॉनचा होतो. फुजीच्या ३ मायक्रॉनच्या पिक्सेलला तो आधी जाणवतो. एफ/११ च्या पुढे गेलं की चाळीस मेगापिक्सेलचा बराचसा फायदा विरून जातो.

२० सप्टेंबर

लेन्सचा हिशोब. सोनीचा ई-माउंट २०१० पासून आहे, आणि २०११ मध्ये सोनीने त्याची मूळ माहिती इतर लेन्स बनवणाऱ्यांना खुली केली. त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन यांची गर्दी तिथे आधी झाली. फुजीचा एक्स-माउंट २०१२ चा, इतरांच्या ऑटोफोकस लेन्स तिथे मोठ्या संख्येने २०२२ च्या सुमारास यायला लागल्या. आमच्या गरजेपुरतं बोलायचं तर आता दोन्हीकडे तेच मिळतं: १८-५० एफ/२.८ आणि ५६ मिमी एफ/१.४, दोन्ही सिग्माच्या.

फुजीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायची. चाळीस मेगापिक्सेलचा सेन्सर आणला तेव्हा फुजीने त्याला पुरेपूर न्याय देतील अशा लेन्सची यादी दिली होती. जुनी लोकप्रिय १८-५५ मिमी त्यात नव्हती. ती लेन्स या बॉडीवर वाईट चालते असा याचा अर्थ नाही, फक्त जास्तीचे पिक्सेल वाया जातात. जुन्या लेन्स हाताशी असलेल्यांनी यादी पाहून मगच या बॉडीचा विचार करावा.

२३ सप्टेंबर

बसलो आणि रकाना वाचला. नंतर दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी चार उरल्या: पाठमोऱ्या माणसावर टिकणारा फोकस (सोनी), ऐकत ऐकत आवाज घेता येणं (सोनी), दुसरं कार्ड (फुजी), डिमरवरच्या दिव्यांत जरा बरं यांत्रिक शटर (फुजी, काठावर).

खरा झगडा फोकस आणि दुसऱ्या कार्डाचा. मी दुसऱ्या कार्डासाठी भांडलो. प्रयोग परत होत नाही, कार्ड गेलं तर रात्रच गेली. व्हिडिओवाल्याचं उत्तर असं: कार्ड जाणं क्वचित घडतं, आणि त्यावर शिस्तीचा उपाय आहे. मध्यंतरात कार्ड बदलायचं, त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवायचं, दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. फोकस चुकणं प्रत्येक तालमीत घडतं आणि त्यावर फोटो काढणाऱ्याचा उपाय एकच, अधिक फोटो काढणं, म्हणजे पुन्हा नशीब.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुजीची खिडकी मोठी, हाताला तो जास्त आवडतो, पोस्टरांचं काम त्याने अर्ध्या वेळात झालं असतं. पण हे सगळं माझ्या सोयीचं, आणि वळलेली नायिका ही आमच्या कामाची.

सोनी अल्फा ६७००, सिग्मा १८-५० एफ/२.८, आणि पुढच्या टप्प्यात ५६ एफ/१.४.

व्हिडिओवाल्याचं म्हणणं अटीप्रमाणे नोंदवतो: ‘मी आधीच सांगितलं होतं.’

माझं म्हणणं: ज्याचं काम प्रामुख्याने पोस्टर, निसर्ग, स्थिर माणसं किंवा लग्नसमारंभ, जिथे दोन कार्डं हवीतच, त्याने आमच्या निकालावर न जाता फुजी पाहावा. हाच रकाना भरला तर त्याच्याकडे वेगळं उत्तर येईल.

२८ सप्टेंबर

कॅमेरा आला. पावती, वॉरंटी आणि अनुक्रमांक जुळवून वहीत लिहिले. झाकण लावून जास्त आयएसओवर काळा फोटो घेतला, अडकलेले चमकते पिक्सेल नाहीत. लेन्ससाठी सपाट विटांची भिंत: एफ/२.८ ला चारही कोपरे सारखे मऊ, म्हणजे काच तिरकी बसलेली नाही. एकच कोपरा जास्त धूसर दिसला असता तर लेन्स परत केली असती.

मोडच्या तबकडीवर साठवून ठेवलेलं: १ वर मूक शटर, १/१००, सतत फोकस, माणूस. २ वर तेच सगळं, पण यांत्रिक शटर, डिमर चालू असतील तेव्हासाठी. ३ वर पोस्टर: एफ/५.६, आयएसओ १००, सेल्फ-टायमर. कॅमेऱ्याची वेळ मिळवली, फाइलच्या नावाला संस्थेची आद्याक्षरं लावली. तापल्यावर आपोआप बंद होण्याची मर्यादा ‘हाय’ वर ठेवली, लांब मुलाखती ट्रायपॉडवरच होणार म्हणून.

बाकी: दुसरी बॅटरी, दोन यूएचएस-२ (जास्त वेगाची) कार्डं, अंगठ्याने चौकोन हलवायचा सराव. प्रकाशयोजनाकाराशी बोलून डिमरची सगळ्यात खालची पातळी ठरवायची, म्हणजे १ वापरायचा की २ ते आधीच कळेल. मंगळवारी रंगीत तालीम आहे. हेडफोन व्हिडिओवाला आणेल.